गोणी उचलताना कंबरेत उसण भरली तर काय करायचं? ट्रकवरचे हमाल, क्लीनर, ड्रायव्हर आणि ऊसवाहतूक कामगारांसाठी माहिती

कांद्याचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे खळ्यांवर रात्री उशिरापर्यंत गाड्या भरल्या जातात. गाडी भरून निघाली की व्यापारी मोकळा, शेतकरी मोकळा, ट्रान्सपोर्टवालाही मोकळा. ज्यांनी ती भरली त्यांची कंबर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला लागते. ट्रक धंद्यातल्या दुखापती म्हटलं की आपल्याला रस्त्यावरचा अपघात आठवतो. पण गाडी उभी असताना, माल चढवताना-उतरवताना, रस्सी आवळताना आणि ताडपत्री ओढताना जी कंबर जाते, तिची कुठे बातमी होत नाही. मी स्वतः कधी दिली नाही, हे आधीच कबूल करतो.

चार वर्षांपूर्वी माझ्याच बाबतीत हे घडलं. चाळीतला कांदा पिकअपमध्ये भरत होतो. मजूर कमी होते, म्हणून मीही हात लावला. तीस-पस्तीस गोण्या झाल्या तोवर काही नव्हतं. मग एक गोणी जमिनीवरून उचलून तशीच डाव्या बाजूला वळून फाळक्यावर टाकायला गेलो आणि कंबरेत कट्‌ असा आवाज झाल्यासारखं वाटलं. तिथंच बसलो. घरच्यांनी खाटेवर टाकून आत नेलं. तीन आठवडे शेतात गेलो नाही. शेती माझी होती म्हणून खाडा लागला नाही. हमालाचं तसं नसतं. त्या वेळी जी माहिती असायला हवी होती आणि नव्हती, ती इथे एका ठिकाणी देतो.

कंबरेत नेमकं काय होतं

पाठीच्या कण्याचा कंबरेतला भाग पाच मणक्यांचा असतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर अशी तिची रचना. ओझं पडलं की ती दबते आणि ओझं काढलं की पूर्ववत होते. वारंवार वाकून, वळून, जड उचलून बाहेरच्या कड्याला बारीक चिरा पडत जातात आणि एखाद्या दिवशी आतला गर बाहेर सरकतो. त्याने शेजारची नस दाबली की कळ कंबरेत थांबत नाही. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. याला लोक सायटिका म्हणतात. बहुतेक वेळा हे सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत होतं, कारण वरच्या अंगाचं सगळं वजन तिथे येऊन टेकतं.

प्रत्येक उसण म्हणजे गादी सरकली असं मात्र नाही. बऱ्याच वेळा नुसता स्नायू ताणलेला असतो किंवा मणक्याजवळचा बंध दुखावलेला असतो. दुखतं तेवढंच भयंकर, पण काही दिवसांत उतरतं.

आता वजनाचं गणित बघा, शाळेतल्या तराजूसारखं आहे. वीस किलोची वस्तू हात लांब करून कंबरेपासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर मागचे स्नायू तिला तोलतात. ते स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. म्हणजे २० गुणिले ४०, भागिले ५. आले १६० किलो. वीस किलोच्या वस्तूसाठी कंबरेच्या स्नायूंना दीडशे किलोच्या वर जोर लावावा लागला, आणि हा सगळा दाब गादीवर येतो. वाकल्यावर स्वतःच्या धडाचं वजन त्यात वेगळं धरायचं. हिशोब ढोबळ आहे, पण गोणी पोटाला लावून का उचलायची ते यातून कळतं. आपले जुने हमाल गोणी हातात न धरता पाठीवर घेतात, ते उगाच नाही. पाठीवरचं ओझं कण्याच्या जवळ असतं. खरा धोका ती जमिनीवरून उचलताना असतो, आणि थप्पीवर झटका देऊन वळून टाकताना.

किती वजन जास्त?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एकट्याने हाताने वाहून न्यायचं ओझं ५५ किलोपेक्षा जास्त असेल तर ते लवकरात लवकर तिथवर आणावं. बायकांसाठी त्याहून बरंच कमी. अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था तर म्हणते की सगळी परिस्थिती चांगली असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, न वळता आणि अधूनमधून उचलायची असेल, तरी २३ किलोच्या पुढे धोका वाढत जातो. आपल्याकडे २३ किलोची गोणी कुणी गोणी म्हणणारही नाही.

पूर्वी क्विंटलचं पोतं असायचं. साखरेचं पोतं १०० किलोचं होतं, ते आता ५० वर आलं. सिमेंटची गोणी ५० किलो, डीएपीची ५० किलो, युरियाची ४५ किलो. कापसाची गाठ १७० किलोच्या आसपास, ती एकट्याने हलतच नाही. कांद्या-बटाट्याच्या गोणीला मात्र ठरलेलं माप नाही असंच वागलं जातं. गोणी चेपून चेपून भरली की ५५-६० ला जाते. नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजारात ५० किलोपेक्षा जड गोण्या आल्या म्हणून माथाडींनी त्या उतरवायला नकार दिल्याचे प्रसंग घडलेत. तेव्हा आपल्यातले बरेच शेतकरी चिडले होते, मीही. आता वाटतं, गोणीत पाच किलो जास्त भरून आपण वाचवतो काय? एक बारदान. आणि कुणाच्या कंबरेवर?

एका गाडीत १६ टन माल धरला तर ५० किलोच्या ३२० गोण्या होतात. चार हमाल असतील तर माणशी ८० गोण्या, म्हणजे ४ टन. तेही एका गाडीचे. हंगामात दिवसाला दोन-तीन गाड्या भरतात. त्यामुळे एक गोणी ‘झेपते’ की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. सत्तरावी गोणी उचलताना पाय थकलेले असतात आणि गुडघे वाकत नाहीत. मग सगळं काम कंबरेवर येतं.

ड्रायव्हर-क्लीनरची गोष्ट वेगळी

ड्रायव्हरला वाटतं आपण बसून काम करतो. पण आठ-दहा तास केबिनमध्ये बसून गाडीचे हादरे कण्याला बसत राहतात. स्नायू आखडलेले असतात. अशात गाडी लागली की लगेच खाली उडी मारायची आणि माल उतरवायला लागायचं, हा सगळ्यात वाईट मेळ. उतरल्यावर दहा मिनिटं गाडीभोवती चालून, चहा घेऊन मग कामाला लागावं. आणि केबिनमधून उडी मारू नये, दांडी धरून तोंड गाडीकडे करून पायरीने उतरावं.

रस्सी आवळणं हेही असंच. पाय चाकाला लावून मागे झोकून देऊन रस्सी ओढतात. जुनी रस्सी तुटली की माणूस पाठीवर पडतो. आमच्या गावचा एक क्लीनर, वय सव्वीस, असाच पडला. शेवटची गाठ मारताना, घाई होती म्हणून. पावसात भिजलेली ताडपत्री एकट्याने गाडीवर ओढणं, स्टेपनी एकट्याने उचलणं, पान्याला लटकून चाकाचे नट खोलणं यातही हेच होतं. स्टेपनी उचलायची नाही, ढकलत न्यायची. नटाला लांब पाइप लावायचा. हे सगळ्या ड्रायव्हर लोकांना माहीत आहे, पण रात्री दोन वाजता घाटात कोण पाइप शोधतो?

शिवाय माल भरणं-उतरवणं हे ड्रायव्हर-क्लीनरचं काम आहे की नाही हाच वाद आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी. कागदावर ती कितीही मान्य झाली तरी गोदामावर क्लीनरला ‘जरा हात लाव’ म्हणणारे आहेतच. हात लावायला हरकत नाही, पण मग त्यात कंबर गेली तर ती कामावरच गेली असं धरायला हवं. त्याबद्दल पुढे.

उसाच्या गाडीचं तर विचारूच नका. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं, बहुतेक वेळा अंधारात. कोयत्यातली बाई दिवसभर तोडणी-बांधणी करते आणि गाडी आली की मोळ्या वाहते. ती दुखणं सांगत नाही, कारण बसलं की खाडा लागतो आणि मुकादमाची उचल अंगावर असते.

दुखल्यावर पहिल्या दोन दिवसांत

काम तिथल्या तिथे थांबवा. ‘एवढी गाडी भरून घेतो’ इथेच बऱ्याच जणांचं बिघडतं. ताणलेल्या भागावर आणखी जोर दिला की आठ दिवसांचं दुखणं तीन महिन्यांवर जातं.

पण अंथरुणही धरू नका. पूर्वी डॉक्टरसुद्धा फळीवर महिनाभर पडून राहायला सांगायचे. आता ते मत बदललं आहे. एक-दोन दिवस आराम, मग दुखणं सोसेल तेवढं चालणं-फिरणं, जड काही न उचलता. पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत उतरते. शेक घेतला तर बरं वाटतं, कुशीवर झोपून गुडघ्यांत उशी घेतली तरी बरं वाटतं.

गोळ्यांबद्दल सावध राहा. मेडिकलवरून दुखण्याची गोळी रोज घेऊन रोज गाडी भरणारे लोक मला माहीत आहेत. या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, किडनी खराब होते, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला तर जास्तच. दुखणं दाबून ओझं उचललं तर गादीला कळत नाही की तुम्ही गोळी घेतली आहे. कुणी नाव नसलेल्या पुड्या देत असेल तर त्यात स्टेरॉइड असू शकतं, घेऊ नका.

पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. हलका पाय लावला तर काही बिघडत नाही, स्नायूची उसण असेल तर ती तशीही उतरणारच असते, श्रेय पायाळूला मिळतं. पण लाथ मारणं, पालथं झोपवून पाठीवर उभं राहणं, कंबर मोडून ‘गादी बसवणं’ हे प्रकार नकोत. पायात मुंग्या येत असतील तर अजिबात नको. शेजारच्या गावातल्या एका ड्रायव्हरने तीन आठवडे चोळून घेतलं. तोवर त्याचा डावा पाय घोट्यात उचलेना, चप्पल घासत चालायला लागला. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण पायात पूर्वीची ताकद आली नाही. आता तो गाडी चालवत नाही.

खालीलपैकी काहीही झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी: लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या जागी म्हणजे सायकलची सीट टेकते तिथे बधीरपणा आला, दोन्ही पायांत ताकद कमी झाली, किंवा पाऊल वर उचलेना. यात नस जोरात दाबली गेलेली असते. काही तासांचा उशीरही कायमचा पडू शकतो. लघवीची गोष्ट लोक लाजेने सांगत नाहीत, बायका तर नाहीच. डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण सांगायची. पडल्यानंतर दुखत असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, तरीही लवकर दाखवा.

आणि ज्यांना यातलं काही नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी एमआरआयसाठी पैसे घालू नयेत. एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण चाळिशीनंतर न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही गादी थोडीफार सरकलेली दिसते. सहा आठवड्यांनीही बरं वाटलं नाही, किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर तपासणी हवी. मणक्याच्या काही ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, पैसे भरायच्या आधी त्याला रेशनकार्ड-आधार दाखवून विचारा.

पट्टा लावला की झालं का?

बऱ्याच हमालांच्या कंबरेला पट्टा दिसतो. मीही आणला होता. नायॉशने याचा अभ्यास करून सांगितलं की निरोगी माणसाने पट्टा लावल्याने दुखापत टळते याला पुरावा नाही. उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त उचलतो. दुखत असताना आधार म्हणून डॉक्टरने दिला तर तेवढ्यापुरता लावा.

गुडघ्यात वाकून उचला, हा सल्ला सगळे देतात. बरोबरच आहे. पण नुसतं असं शिकवून दुखापती कमी होत नाहीत, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. साठ किलोची गोणी कशीही उचलली तरी साठ किलोचीच राहते. फरक पडतो तो वजन कमी करण्याने आणि उंचीने. गोणी जमिनीवर न ठेवता लाकडी घोडीवर किंवा ओट्यावर, कंबरेच्या उंचीला ठेवली तर निम्मं काम वाचतं. खळ्याला गाडीच्या फाळक्याएवढा ओटा बांधायचा खर्च एकदाच होतो. हातगाडी, रोलर, जमिनीवरून उचलताना दोघंजण, एवढं केलं तरी पुष्कळ. वळताना कंबर न पिळता पाय फिरवा. सकाळी उठल्या उठल्या जड काम नको. रात्रभर पडून राहिल्यावर गाद्या पाण्याने फुगलेल्या आणि ताठ असतात. सकाळी माणूस एखादा सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. पहिला तासभर हलकी कामं करा.

भरपाई मिळते का?

मिळते, पण कागद लागतो. इथेच आपले लोक हरतात.

कामावर असताना, कामामुळे दुखापत झाली आणि तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तर मालकाने भरपाई द्यायची, हे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. ओझं उचलताना अचानक कंबर जाणं हाही अपघातच धरला जातो, गाडी उलटायलाच पाहिजे असं नाही. तात्पुरतं काम बुडालं तर दर पंधरा दिवसांनी मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. कायमचं अपंगत्व आलं तर वय आणि मजुरी यांवरून आकडा निघतो. १९२३ च्या कायद्याने उदाहरण देतो. वय ४०, मजुरी महिना १५,००० (हिशोबाला धरायची कमाल मजुरी जानेवारी २०२० पासून एवढी आहे). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळिशीचा गुणक १८४.१७. गुणाकार १६ लाख ५७ हजार ५३०. डॉक्टरने कमाईची ताकद ३० टक्के गेली असं लिहून दिलं तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे ४ लाख ९७ हजार २५९ रुपये. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं तर दंड वेगळा. दवाखान्याचा खर्चही मालकावर. ठेकेदाराकडून काम असेल तर ज्याच्यासाठी काम चाललं होतं त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. दारू पिऊन काम करत असेल तर मात्र दावा अडतो.

मालक म्हणेल माझ्याकडे पैसे नाहीत. त्याला गाडीच्या विम्याचा कागद काढायला सांगा. त्यात ड्रायव्हर, क्लीनर, कामगार यांच्यासाठी हप्ता भरल्याची ओळ असते. असेल तर विमा कंपनी पैसे देते आणि मालकही सुटतो. गाडीमालकांनीही पुढच्या वेळी विमा काढताना ही ओळ बघून घ्यावी, हप्ता किरकोळ असतो.

दावा दोन वर्षांच्या आत करा. पण कागद पहिल्याच दिवशी करायचे. दवाखान्यात गेल्यावर आपण ‘कंबर दुखते’ एवढंच सांगतो आणि केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं. नंतर वकील विचारतो, कामावर दुखली याला पुरावा काय? म्हणून केसपेपरवर ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी गोणी उचलताना’ असं लिहून घ्या. मुकादमाला किंवा मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, फोन नको, मेसेज. त्या गाडीची बिल्टी, काटा पावती, गाडीचा नंबर यांचे फोटो काढून ठेवा. सोबतच्या दोघांची नावं लिहून ठेवा. मेडिकलची बिलं फेकू नका.

जे माथाडी मंडळात नोंदलेले आहेत त्यांचं थोडं सोपं आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मालक मजुरीसोबत लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना वगैरे मिळतं. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली तीही याच लोकांसाठी. आपल्या खळ्यांवरचे, बाहेरून आलेले बरेच हमाल मात्र कुठेच नोंदलेले नाहीत. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, वाराई कापली जाते. ती ज्याच्या नावाने कापली त्याची नोंद आहे का, हे शेतकऱ्यानेच एकदा बाजार समितीत विचारावं.

वीस रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेबद्दल पुष्कळ जण विचारतात. ती जरूर घ्या, पण त्यात अपघाती मृत्यू आणि हात, पाय, डोळा कायमचा गेल्यावर पैसे मिळतात. सरकलेल्या गादीला मिळत नाहीत.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथून फुकट वकील मिळतो. जाताना आधार, केसपेपर आणि वर सांगितलेले फोटो सोबत न्यावेत. फोटोंच्या झेरॉक्स काढून नेल्या तर दुसरी चक्कर वाचते.